स्कायलॅब आणि वांग्याचं बी

प्रिय नातवंडांनो,

परवा फोनवर तुम्ही दोघांनी मला त्या दगडाबद्दल विचारलंत. पृथ्वीच्या वाटेवर येऊ शकेल असा एक लघुग्रह सापडला, बातम्यांमध्ये त्याच्या धडकेच्या शक्यतेचा आकडा आधी वाढला, मग कमी झाला, आणि थोरलीला हा सगळा आकड्यांचा खेळ लबाडीचा वाटला. धाकट्याने वेगळंच विचारलं. "आजी, तो दगड येईल त्या दिवशी आम्ही सगळे तुझ्याकडे येऊ का? म्हणजे आपण एकत्र असू." मी "या की" म्हणाले आणि फोन ठेवला. पण ते वाक्य दिवसभर माझ्या मागे लागलं. असंच वाक्य मी फार पूर्वी आपल्या गावच्या घरात ऐकलं होतं, आणि त्यापायी एका मुलीचं शिक्षण अडून बसलं होतं. तुमच्या बाबाला ही गोष्ट नीट माहीत नाही, जरी तो तिच्यात होता. म्हणून आज लिहायला बसले.

आधी थोरलीचं उत्तर, मग गोष्ट.

समजा, आपला बैल दावं तोडून पळाला. सकाळी एवढंच ठाऊक आहे की तो शिवारात कुठेतरी आहे. शिवार मोठं, शेतं पुष्कळ, तेव्हा तो नेमका आपल्याच कपाशीत शिरला असेल ही शक्यता थोडी. मग एकेक जण येऊन सांगतो: माझ्या शेतात नाही, नाल्याकडे नाही, पांदणीत नाही. शोधायची जागा कमी होत जाते आणि आपलं शेत अजून उरलेल्या जागेतच असतं. म्हणजे आपल्या कपाशीची धास्ती वाढत जाते. बैल जिथे आहे तिथेच उभा आहे. आपल्याला कळतंय तेवढं बदललंय. शेवटी कोणीतरी त्याला देवळामागे चरताना बघतो आणि आपली धास्ती एका क्षणात संपते. लघुग्रहाचं तसंच आहे. दुर्बिणीतून त्याला जितके जास्त दिवस बघतात तितका त्याच्या वाटेचा अंदाज आवळत जातो. पृथ्वी त्या अंदाजाच्या आत आहे तोवर आकडा चढतो. बहुतेक वेळा ती शेवटी बाहेर राहते आणि आकडा कोसळतो. तेव्हा आकडा वाढला म्हणून घाबरू नका आणि उतरला म्हणून फसवलं म्हणू नका. कोणीतरी नीट बघत बसलं आहे, एवढाच त्याचा अर्थ.

आता गोष्ट. आधी घरात कोण कोण होतं ते सांगते, म्हणजे पुढे गोंधळ नको.

१९७९चा जुलै महिना. आपलं गाव हिंगणघाट आणि जाम यांच्या मधलं, वेणा नदीच्या बाजूला. घरात माझ्या सासूबाई, ज्यांना मी आई म्हणत असे, सासरे, ज्यांना मामाजी म्हणत असे, माझी धाकटी नणंद, मी, आणि तुमचा बाबा, जो तेव्हा नुकता वाक्यं जोडून बोलायला लागला होता. तुमचे आजोबा हिंगणघाटच्या कापड गिरणीत कामाला होते आणि आठवडाभर तिथेच खोली करून राहत. मी नागपूरला इंग्रजीतून शिकलेली. त्यामुळे हिंगणघाटहून शिळं इंग्रजी वर्तमानपत्र आलं की ते वाचून दाखवण्याचं काम माझं.

त्या दिवसांत त्यात रोज एकच बातमी असे. अमेरिकेने अवकाशात सोडलेली स्कायलॅब नावाची प्रयोगशाळा खाली खाली येत होती. ती दगड नव्हती, माणसाने केलेली वस्तू होती, पण प्रश्न तुमच्याच दगडासारखा होता: ती पडणार कुठे? शास्त्रज्ञ दिवस सांगत होते, जागा सांगू शकत नव्हते. ती ज्या पट्ट्यावरून फिरत होती त्यात आपला देशही होता.

जागा सांगायचं काम जामच्या चौकातल्या हॉटेलांनी घेतलं. हैदराबादकडून येणारा ट्रकवाला सांगे, ते नागपूरला पडणार. नागपूरकडून येणारा सांगे, हैदराबादला. आमचं गाव दोघांच्या मध्ये. लोकांनी त्यावरून काढायचा तो अर्थ काढला. कोणी पिकातली डवरणी थांबवली, कोणी लेकीला सासरहून बोलावून घेतलं, एकाने दसऱ्यासाठी राखलेला बोकड कापून खाल्ला. मामाजींना तेवढी वखराच्या पात्याची काळजी होती.

"पडाचंच हाय तं आपल्या वावराच्या धुऱ्याजवळ पडावं," ते म्हणायचे. "अमेरिकेचं लोखंड. वखराची पास चांगली होईन."

"लोखंड डोक्शात पडन तवा समजन," सासूबाई म्हणायच्या.

आता नणंदेचं. ती मॅट्रिक चांगल्या गुणांनी पास झाली होती आणि तिला शिक्षिका व्हायचं होतं. वर्ध्याच्या एका अध्यापिका विद्यालयातून तिला मुलाखतीचं बोलावणं आलं. स्वतः हजर राहायचं, नाही राहिलं तर जागा पुढच्या मुलीला. आणि मुलाखतीचा दिवस नेमका तोच, ज्या दिवशी स्कायलॅब पडेल असं रेडिओ सांगू लागला होता. सकाळी हिंगणघाटहून वर्ध्याची एसटी, दुपारी मुलाखत, रात्री तिच्या मावशीकडे मुक्काम, दुसऱ्या दिवशी परत. असं सगळं मी आखून ठेवलं होतं. पावसाळ्यात आपल्या काळ्या मातीतून बैलांची बंडी सडकेला लागायला किती वेळ खाते तेही धरलं होतं.

सासूबाईंनी एका वाक्यात ते मोडलं.

"त्या दिवशी कोनी घर सोडाचं नाई. मराचं तं समदे संगं मरू."

नणंद चुलीपुढे बसली होती. ती म्हणाली, "आई, माई जागा जाईन."

"जागा पुढच्या साली भेटन."

"पुढच्या साली तू मायं लगन करून देशीन."

ते खरं होतं. देवळीकडचं एक स्थळ त्यांनी पाहून ठेवलं होतं आणि घरात ते सगळ्यांना माहीत होतं. म्हणजे हे वर्ष गेलं की नणंदेचं शिकणंच गेलं. रात्री ती माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "वहिनी, तू शिकलेली हायेस. आईले समजावून सांग न."

मी समजावायचं ठरवलं, आणि मला नीटनेटकं समजावायची हौस. दुसऱ्या दिवशी दुपारी ओसरी सारवून वाळली होती. रांगोळी घेऊन मी तिथे सगळी पृथ्वी काढली. अमेरिका, आफ्रिका, युरोप, आशिया, खाली ऑस्ट्रेलिया. समुद्र तसेच कोरे सोडले. हिंदुस्थान थोडा मन लावून काढला. मग वाटीत तुरीचे दाणे घेतले आणि सगळ्यांना बोलावलं.

"पाठ करून बसायचं आणि दाणा मागे टाकायचा," मी सांगितलं. "तो जिथे पडेल तिथे ती प्रयोगशाळा पडली असं समजायचं. बघू, आपल्या देशावर किती वेळा पडतो ते."

"सारवलेल्या जागेत कचरा," सासूबाई म्हणाल्या, पण बसल्या.

नणंदेने टाकला, समुद्रात. पुन्हा टाकला, पुन्हा समुद्रात. मामाजींचा एक आफ्रिकेवर गेला, बाकी पाण्यात. तुमच्या बाबाने मूठभर दाणे एकदम फेकले, तेही बहुतेक पाण्यातच. मला मनातून फार बरं वाटत होतं. पृथ्वीवर पाणीच जास्त आहे, हे मी न सांगता सगळ्यांना दिसत होतं.

"आई, आता तुम्ही."

सासूबाईंनी पाठ केली, देवाचं नाव घेतलं आणि दाणा टाकला. तो टप्पा घेऊन हिंदुस्थानावर थांबला. नुसता हिंदुस्थानावर नाही, पोटाच्या मधोमध. म्हणजे आपल्याकडेच.

सासूबाई वळल्या, वाकून पाहिलं आणि मला विचारलं, "हे कोनतं गाव व्हय?"

मी म्हटलं, "आपलाच भाग आहे."

"मंग?"

मी काही बोलणार, तोच अंगणातून शेजारची कोंबडी ओसरीवर चढली आणि तिने तो दाणा टिपला. मामाजी मांडी थोपटून हसले. "घ्या! टळलं संकट!"

नणंदही हसली, पण सासूबाई हसल्या नाहीत. मी घाईघाईने सांगायला लागले की या नकाशावर तुरीचा एक दाणा म्हणजे नागपूरपासून चंद्रपूरपर्यंतचा मुलूख. खरी वस्तू त्यापुढे धुळीच्या कणाएवढीही नाही, तिचे तुकडे पडले तरी मधल्या सगळ्या शेतांत आणि जंगलांत एवढी जागा आहे की कोणा माणसाला लागणं फार अवघड. वर्तमानपत्रातही आकडा दिला होता. तो मला आता आठवत नाही. दोन गोष्टी वेगळ्या असतात एवढं त्यात होतं: जगात कोणाला तरी लागण्याची शक्यता लहान, आणि ठरावीक एका माणसाला लागण्याची त्याहून कितीतरी लहान.

सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "कोनाले तरी लागू शकते न?"

"हो. शक्यता थोडी, पण आहे."

"मंग तो कोनीतरी आपल्या घरचा काऊन नाई?"

"असू शकतो," मी म्हणाले. नाही म्हणता आलं असतं, पण ते खोटं झालं असतं.

"इथं पडू शकते?"

"हो."

"वर्ध्याले पडू शकते?"

"तेवढंच."

"तू म्हनतं धोका बारीक हाय. इतका बारीक की पोरीले धाडाले काई हरकत नाई." त्या तुमच्या बाबाकडे वळल्या. तो रांगोळीच्या आफ्रिकेत बसून बोटं पांढरी करत होता. "मंग याले बी धाड तिच्यासंगं. मावशी सांभाळन."

मला गणित येत होतं. घरी ठेवला काय आणि वर्ध्याला पाठवला काय, त्याच्यावरचा धोका तेवढाच, आणि तो इतका कमी की त्या दिवशी बंडी उलटण्याची भीती जास्त धरावी. हे सगळं मला माहीत असताना माझा हात आपोआप त्याच्या पाठीवर गेला. सासूबाईंनी तो हात पाहिला.

"धाडते," मी म्हणाले.

"ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. आवाजात टोमणा नव्हता. "तुले बी समजते म्या काऊन म्हनून राह्यली ते."

नणंद उठून आत गेली. मी झाडू घेऊन पृथ्वी झाडायला लागले. त्या वेळी मला खरंच वाटलं की आता संपलं. आकडा लहान असला तरी आपलं माणूस लहान नसतं, आणि या दोहोंची तुलना करायची रीत माझ्या कुठल्याही पुस्तकात दिलेली नव्हती.

ती रीत घरातच होती. ती कळण्यासाठी आपल्या गल्लीतली एक प्रथा सांगावी लागेल.

माझं लग्न होण्याच्या बऱ्याच आधी एका उन्हाळ्यात गल्लीत आग लागली होती. घरं पुन्हा उभी राहिली, पण बियाणं जळालं, आणि त्या साली लोकांना हात पसरावे लागले. तेव्हापासून आमच्या गल्लीत कोणी आपलं सगळं बी आपल्या घरात ठेवत नसे. निम्मं घरी, निम्मं शेजारी. शेजारची काकू भाजीपाला पिकवायची आणि हिंगणघाटच्या बाजारात नेऊन विकायची. तिच्या काटेरी वांग्यांचं निम्मं बी राखेत कालवून, वाळलेल्या दुधीच्या तुंब्यात भरून, आमच्या माजघरात आढ्याला टांगलेलं असे. आमचं तसंच तिच्याकडे. कोणी कोणाचा तुंबा उघडायचा नाही, एवढाच नियम.

मी अजून झाडतच होते, तेवढ्यात काकू चिखलाचे पाय घेऊन अंगणात आली.

"जाऊबाई, माया तुंबा द्या बाप्पा! पान्यानं समदं रोप सडलं. एक काडी नाई ऱ्हायली."

सासूबाई उठल्या. "घरचं बी?"

"घरचं तं समदं पेरलं होतं न मी! तेच सडलं. बरं झालं तुमच्या इथं निम्मं होतं, नाई तं यंदा बजारात काय नेलं असतं? मायं तोंड?"

"तुया तोंडाले गिऱ्हाईक नाई भेटत," मामाजी म्हणाले.

"भाऊजी, तुमाले भेटलं म्हनून बोलून राह्यले!"

सासूबाई आत गेल्या. तुंबा काढून आणायला एवढा वेळ लागत नाही. काकूने दोनदा हाक मारली. शेवटी त्या तुंबा घेऊन बाहेर आल्या, त्यावरचं जाळं पदराने पुसलं आणि काकूच्या हातात दिला. काकू गेली. सासूबाई तिच्या चिखलातल्या पावलांकडे पाहत ओसरीच्या खांबाला टेकून उभ्या राहिल्या.

मग मामाजींना म्हणाल्या, "गड्याले सांगा. परवा पाह्यटे बंडी जुपाची हाय."

"कुठं जाची?"

"सडकेवर. पोरीले एसटीत बसवाचं."

नणंद आतून दारात आली. तिचा विश्वास बसत नव्हता. "आई, मी जाऊ?"

"जा. हे लेकरू मायापाशी ऱ्हाते. तू वर्ध्याले ऱ्हा." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "समदं एका घरी ठेवून मी काय करून राह्यली होती वं?"

मी त्यांना आपल्या सगळ्यांवरचा धोका किती लहान आहे ते सांगत होते. उरलेल्या लहानशा धोक्याचं काय करायचं, ते त्यांना आधीपासून येत होतं. एवढंच की बियाण्याची रीत लेकीला लावायची, हे त्यांना त्या दुपारपर्यंत सुचलं नव्हतं, आणि मला तर अजिबातच नाही.

ठरल्या दिवशी बंडी निघाली. सासूबाईंनी नणंदेला ज्वारीची भाकर, ठेचा आणि गुळाचा खडा बांधून दिला. बंडीत बसताना नणंद रडली नाही, सासूबाईही रडल्या नाहीत. "पाहून चालजो," एवढंच त्या म्हणाल्या. तुमच्या आजोबांनी हिंगणघाटच्या स्टँडवर तिला वर्ध्याच्या एसटीत बसवलं.

त्या दिवशी आम्ही घरातच होतो, पण गावातल्या बऱ्याच लोकांसारखं हातावर हात धरून बसलो नाही. सासूबाईंनी उन्हाळ्यात केलेले उडदाचे पापड पुन्हा उन्हात घातले, मग आभाळ आलं म्हणून उचलले, मग पुन्हा घातले. मधूनच त्या वर बघत. मी विचारलं, "आई, स्कायलॅब बघताय का?" तर म्हणाल्या, "पानी पाहून राह्यली."

दुसऱ्या दिवशी सकाळी रेडिओवर सांगितलं. प्रयोगशाळा कोसळली. तुकडे काही समुद्रात, काही ऑस्ट्रेलियाच्या ओसाड भागात पडले. कोणाला लागलं नाही. गल्लीत लोक एकमेकांच्या अंगणात जाऊन तीच बातमी पुन्हा पुन्हा सांगत होते. ज्याने बोकड कापला होता तो तेवढा घरातून बाहेर आला नाही.

सासूबाईंनी मला विचारलं, "जिथं पडलं तिथं कोनी ऱ्हात नाई न?"

"अगदी थोडे लोक. कोणाला काही झालं नाही."

"मंग चांगलं झालं," त्या म्हणाल्या आणि पापड मोजायला बसल्या. मामाजींनी लोखंडाबद्दल हळहळ व्यक्त केली.

संध्याकाळी नणंद आली. चपला हातात, पाय गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेले. लांबूनच ओरडली, "भेटली! जागा भेटली!" मुलाखतीला बऱ्याच मुली आल्याच नव्हत्या, असं तिने नंतर सांगितलं. त्यांच्या घरच्यांनीही तोच विचार केला असणार. आलेल्या मुलींना विद्यालयाच्या बाईंनी एकच जास्तीचा प्रश्न विचारला होता: आज तुम्हाला भीती वाटली नाही का? माझी नणंद म्हणाली होती, "वाटली. पण घरी बी वाटलीच असती."

देवळीचं स्थळ गेलं. ती शिकली, वर्धा जिल्ह्यातल्या शाळांमधून शिकवत राहिली, आणि पुढे तिने स्वतः पसंत केलेल्या माणसाशी तिचं लग्न झालं. तुम्ही तिला आत्याआजी म्हणता. आपल्या वर्गात ती दर वर्षी जमिनीवर खडूने पृथ्वी काढायची आणि मुलांना तुरीचे दाणे टाकायला लावायची. त्यातला एखादा हिंदुस्थानावर पडला की मुलं ओरडत आणि मग खरा धडा सुरू होई, असं ती सांगते.

ऐंशीच्या दशकात काकूच्या मुलांना शहरात नोकऱ्या लागल्या आणि ते कुटुंब गाव सोडून गेलं. जाताना काकूने वांग्याचं सगळं बी सासूबाईंच्या हवाली केलं. त्यांनी ते राखेत कालवलं, निम्मं तुंब्यात घालून टांगलं, आणि निम्मं नणंदेच्या पिशवीत वर्ध्याला पाठवलं. शेजार आता एसटीच्या अंतरावर गेला होता, पण त्यांना ते चालण्यासारखं वाटलं.

तेव्हा धाकट्या, तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं. तो दगड बहुधा चुकूनच जाईल. त्याच्यावर लक्ष ठेवणारी माणसं आहेत, आणि गरज पडली तर त्याला वाटेवरून ढकलायची युक्तीही माणसांनी करून पाहिली आहे, तेही तुमच्याच काळात. त्या दिवशी तुम्हाला यायचंच असेल तर जरूर या, भाकर-ठेचा मिळेल. पण त्या दिवशी तुमची शाळा असेल तर शाळेत जा. तुम्ही तिथे आणि मी इथे, हे मला फार एकटं वाटतं असं तुमच्या बाबाला वाटतं. कधी कधी वाटतंही. पण मी त्याला आढ्याकडे बोट दाखवते.

तुंबा आता फुटला आहे, त्या जागी स्टीलचा डबा आहे. सासूबाई नाहीत, ओसरीवर फरशी आली आहे. काटेरी वांग्यांचं बी आम्ही दोघी दर वर्षी पेरतो, धरतो आणि वाटून घेतो. निम्मं माझ्याकडे आहे, निम्मं वर्ध्याला तुमच्या आत्याआजीकडे.